जसिंताचा हात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

थांबा — असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. गोष्ट मी पुष्कळांना सांगितलीय. कॉलेजात मुलींना सांगितली, सोसायटीच्या महिला मंडळात सांगितली, एकदा तर स्टेजवरून माईक हातात धरून सांगितली. एका बड्या साहेबाने कोळ्याच्या एका हुशार मुलीचं काम कसं पायाखाली तुडवलं, त्याची गोष्ट. सांगताना माझा आवाज चढतो. समोरच्या बायका पुढे सरकून बसतात. संपल्यावर कुणीतरी येऊन माझा हात धरतं — मॅडम, तुमच्यासारखं बोलणारं कुणीतरी पाहिजे हो.

आणि मी मान हलवते. दर वेळी.

त्या गोष्टीतून मी एक वाक्य गाळते. साहेबाचं नाही — त्याचं एकूण एक वाक्य मला पाठ आहे, अजून तोंडात कडू होतं. गाळते ते माझं. इतकी वर्षं ते वगळून गोष्ट इतकी गुळगुळीत झालीय, की तिथे काही होतं हे मलाही कधीकधी आठवत नाही. पण असतं. तुम्हाला सांगते. सरळ सांगता येईल असं मात्र वाटत नाही, जरा सांभाळून घ्या — नको, सांभाळून घेऊ नका.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही परळची खोली सोडून मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहायला आलो होतो. बाबांना वाटायचं आता मोकळा श्वास घेऊ. मोकळं होतंच — इमारतींच्या मागे मिठागरं, रस्ता म्हणजे चिखल, आणि पाण्याचा टँकर आला की अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली. मी नुकतीच एम.एस्सी. झाले होते. काशीमिऱ्याला हायवेच्या बाजूला एक औषधं बनवणारी कंपनी होती, तिने मागच्या अंगाला छोटीशी लॅब काढली होती. मला तिथे नोकरी लागली. माझ्यानंतर थोड्याच दिवसांत जसिंता आली.

जसिंता तारोडीची. उत्तनच्या पुढे समुद्राला लागून गाव आहे ना, ते. वडिलांची होडी होती. ते गेल्यावर काका चालवायचे. घरात कॉलेजला गेलेली ती पहिलीच. सकाळी बसने भाईंदर, तिथून दुसरी गाडी पकडून काशीमिरा — आणि तरी आमच्या आधी हजर. एरवी आमच्यासारखंच बोलायची. गडबडीत किंवा रागात असली की ‘हाय’ आणि ‘न्हाय’ बाहेर यायचं. मग स्वतःच जीभ चावायची.

आमचं काम होतं जंतांवर. म्हणजे जंतांच्या औषधावर. माणसाच्या पोटातला जंत पोटाबाहेर धड वाढत नाही, म्हणून आम्ही त्याचा मातीतला भाऊबंद पाळायचो — सूत्रकृमी. टाचणीच्या डोक्याएवढाही नाही. मायक्रोस्कोपखाली बघितला तर काचेसारखा आरपार. आत काय चाललंय ते सगळं दिसतं. वळवळत पुढे जातो, बॅक्टेरिया खातो, मजेत असतो.

आणि खायला नसलं की अंगातल्या चरबीवर जगतो. आपणही तेच करतो — तापातून उठलं की गालफडं बसलेली असतात, ती काय उगाच? पण चरबी नुसती अंगात असून भागत नाही. ती तोडावी लागते, तेव्हाच शरीराला वापरता येते. तोडण्याचं काम एक एन्झाइम करतं. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. प्रश्न एवढाच होता — कृमीचं हे एन्झाइम बंद पाडलं तर काय होईल? तो उपाशी मरेल, की दुसरी वाट काढून जगेल? मरणार असेल, तर औषध शोधायला ती एक जागा सापडली. जगणार असेल, तर सगळी मेहनत पाण्यात.

हा प्रश्न पुस्तकातला नव्हता हो. कंपनीच्या फाटकासमोरून काशीगावातली पोरं शाळेत जायची. हातपाय काड्या, आणि पोटं पुढे आलेली. त्यातली किती पोटं जंतांनी फुगलेली असतील? आम्ही आत एसीत बसून जंतांवर काम करायचो, आणि ती बाहेर आमच्या फाटकाला लोंबकळायची. वॉचमन हाकलायचा त्यांना. आजही आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

लॅबचे प्रमुख म्हणजे आमचे सर. त्यांचं मत ठरलेलं होतं. नाव लिहीत नाही. ते आता हयात नाहीत. या एन्झाइममध्ये काही अर्थ नाही, ते बंद पडलं तरी कृमी दुसऱ्या मार्गाने भागवतो, असं त्यांनी कधीतरी छापून आणलं होतं. वरच्या लोकांनाही तेच पटवून ठेवलं होतं, कारण त्यांचं स्वतःचं औषध वेगळ्याच दिशेचं होतं. त्यांच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे काय, हे आम्हाला न सांगता कळायचं. ते खुर्चीत मागे रेलून चष्मा काढायचे, पुसायला लागायचे — आणि समोरचा माणूस आपोआप गप्प व्हायचा. मीसुद्धा.

जसिंता नाही झाली.

परदेशातून पोस्टाने कृमींची एक जात आली होती. तिच्यात ते एन्झाइम मुळातच बिघडलेलं. जसिंताने ते कृमी आणि साधे कृमी अशा दोन्हींना उपाशी ठेवलं. सर म्हणतात तसं असतं, तर दोन्ही सारखेच जगायला हवे होते. पण साधे आरामात जगले, आणि बिघडलेले भराभर मेले. तिने त्या मेलेल्यांना चरबी दाखवणारा काळा रंग दिला आणि मला हाक मारली. वृंदा, हे बघ गो.

मी डोळा लावला. काचेसारख्या अंगात काळेभोर ठिपके, शेजारी शेजारी, भरगच्च. चरबी होती तशी होती. तिला हातही लागला नव्हता. पोटात साठा भरलेला — आणि जीव भुकेने गेलेला.

जसिंता माझ्याकडे बघत उभी राहिली, ओठ दाबून, हसू येऊ न देता. तिचा तो चेहरा मी कुठल्याही भाषणात सांगितलेला नाही. का सांगितला नाही? कारण तो बघून मला पहिल्यांदा काय वाटलं ते मग सांगावं लागलं असतं.

मला आनंद झाला नाही.

हे लिहायचं मी मघापासून टाळतेय. तिला रिपोर्ट इंग्रजीत नीट लिहायला मी शिकवलं होतं. कॅन्टीनमध्ये कुणी तिच्या बोलण्याची नक्कल केली, तर मी त्याला झापायची. दिवाळीत तिला घरी बोलावलं होतं, आईने फराळाचा डबा दिला होता. जसिंताची बाजू घेणं मला आवडायचं — फार आवडायचं. पण ती पुढे, मी मागे, असं चित्र त्यात नव्हतं. तारोडीची मुलगी, जिची वाक्यं मी दुरुस्त करायची, ती काहीतरी खरंखुरं शोधून काढून बसली होती. आणि मी, परळच्या चांगल्या शाळेतली, फर्स्ट क्लास, काय करत होते? तिच्या मायक्रोस्कोपात डोळा घालून उभी होते.

असो. सरांकडे निकाल गेला. सरांनी चष्मा पुसला. मग मला केबिनमध्ये बोलावलं. आता नीट ऐका, कारण इथेच मी गोष्ट वळवते. भाषणात मी म्हणते, सरांचा आम्हा सगळ्यांवर प्रचंड दबाव होता. खरं काय झालं? सर एवढंच म्हणाले —

“वृंदा, तू एकदा करून बघ. तुझा हात हलका आहे.”

बस. खोटं बोल म्हणाले नाहीत. धमकी दिली नाही. आमिष दाखवलं नाही. मला पर्मनंट करायचं की नाही ते ठरायचं होतं, हे खरंय. पण त्याचा त्यांनी उच्चारही केला नाही. त्यांनी मला एक प्रयोग करायला सांगितला, जो कोणत्याही लॅबमध्ये सांगतात, सांगायलाच हवा.

मी केला. नीट केला — माझं काम चांगलं होतं, तेवढं म्हणते. काचेच्या नळीला प्लॅटिनमची बारीक तार बसवलेली असते, तिच्या टोकाने एकेक कृमी उचलायचा. तो इतका नाजूक की तार जराशी दाबली गेली तर संपला. मी श्वास रोखून एकेक उचलला. उपाशी ठेवले. वाट बघितली.

दुपारची वेळ होती, सगळे जेवायला गेले होते. मी कृमी ठेवलेली प्लेट मायक्रोस्कोपखाली धरली. साधे कृमी वळवळत होते. बिघडलेले सरळ पडलेले होते, काडीसारखे. तारेने हलवून बघितले. हलले नाहीत. रंग दिला. तेच काळे ठिपके.

माझेही मेले होते.

तिथेच बसले मी. आणि त्या वेळी मला काय वाटलं असेल? घाबरले? नाही. घाबरायला अजून वेळ होता. पहिला विचार हा आला — म्हणजे तिचंच बरोबर. दुसरा — हे अजून कुणीच पाहिलेलं नाही. मी उठले आणि प्लेटा, काचपट्ट्या, सगळं टाकाऊ सामानाच्या ब्लीचच्या बादलीत बुडवलं. हात धुतले. जेवायला गेले. जसिंताने माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.

मीटिंग झाली ती पुढच्या आठवड्यात. हा भाग मी छान सांगते, कारण यात राग यायला भरपूर जागा आहे. जसिंताने सगळं मांडलं. आवाज थोडा कापत होता, पण मुद्दा सुटला नाही. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि हसत म्हणाले, “जाळी ओढणाऱ्यांच्या घरातला हात आहे, पोरी. ही प्लॅटिनमची तार आहे. तुझ्या हाताने मेले ते.”

लोक हसले. शिकलेली, पदव्या घेतलेली माणसं — हसली. अहो, काय हसण्यासारखं होतं त्यात? एका मुलीने महिनोन्महिने मान मोडून काम केलं, त्याला उत्तर काय — तर तुझा बाप मासे मारायचा! हा कुठला पुरावा? हे कुठलं विज्ञान? मी हे माईकवरून विचारते तेव्हा हॉल शांत होतो. पण तेव्हा, त्या खोलीत, मीही हसले होते. मोठ्याने नाही. सगळे हसतात म्हणून ओठ ताणतो, तेवढं. तेवढंही पुरतं.

जसिंता मात्र हरली नाही. तिने दिलेलं उत्तर मी आजही मुलींना फळ्यावर लिहून दाखवते, इतकं ते चोख आहे. ती म्हणाली, “सर, साधे कृमी पण मीच उचलले. ह्याच तारेने, ह्याच हाताने. हात जड असता तर ते पण मेले असते. ते जगले हायेत.”

  मी सरांच्या शेजारीच बसले होते, मला दिसलं — चष्मा पुसणारा त्यांचा अंगठा थांबला. त्या एका क्षणात ती जिंकली होती. काही न करता मी नुसती गप्प बसले असते तरी कदाचित ती जिंकली असती.

सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, “वृंदा, तुझं काय?”

आणि मी म्हणाले, “माझे जगले, सर.”

हेच ते वाक्य.

त्यानंतर मी बरंच काही बोलले. पुन्हा करून बघायला हवं, दोघींच्या पद्धतीत फरक असेल, वगैरे. समजूतदार आवाजात. तिची बाजू घेतल्यासारखं. आता विचार करते तर त्या तीन शब्दांपेक्षा मला त्या समजूतदार आवाजाचीच जास्त चीड येते. गळा आवळायचा आणि वर पाठीवरून हात फिरवायचा!

जसिंताने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती चिडेल. मी तयारीत होते — चिडली असती तर मला तिच्यावर उलट चिडता आलं असतं. पण ती चिडली नाही. गोंधळली. आपल्या कागदांकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसली. 

तिला लॅबमधून काढून गोळ्यांच्या पट्ट्या तपासायला पाठवलं. काही महिन्यांनी तिने नोकरीच सोडली. जायच्या दिवशी मला शोधत वर आली. तिच्या हातात तिने स्वतः बनवलेली तार होती, टोक दगडावर घासून घासून चपटं केलेलं. तशी तार लॅबमध्ये कुणाकडे नव्हती. ती माझ्यापुढे ठेवली. “तुझ्याकडे राहू दे,” म्हणाली. “तुझा हात हलका हाय.” टोमणा असावा असं मला वाटलं. चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता.

मी पर्मनंट झाले. ती तार वापरली. चांगली चालायची.

आता तुम्ही म्हणाल, वय लहान होतं, घरची जबाबदारी होती, साहेबापुढे कोण बोलणार. म्हणू नका. मीच म्हणून बघितलंय ते सगळं, वर्षानुवर्षं, आणि त्यातलं काहीही टिकत नाही. बाबांची नोकरी चालू होती. घरी कुणी माझ्या पगारावर अवलंबून नव्हतं. सरांनी मला काढलं असतं तर दुसरी नोकरी मिळाली असती, आणि पुढे मी स्वतः होऊन ती सोडलीच की. मला काहीही झालं नसतं. मला कुणी ढकललं नव्हतं. मी चालत गेले.

आणि एवढ्यावर संपलं असतं, तरी मी कदाचित हे लिहायला बसले नसते. एकदा माणूस घसरतो. पण पुढे आणखी आहे.

दशक संपायला आलं होतं. कंपनीने लॅब गुंडाळली होती, सर निवृत्त होऊन मुलाकडे गेले होते, मी कॉलेजात शिकवत होते. शहरातल्या एका लायब्ररीत परदेशी नियतकालिकं चाळताना एक शोधनिबंध दिसला. वेगळी माणसं, वेगळा देश, आणि आमचाच कृमी. चरबी तोडणारं एन्झाइम बिघडलं की उपाशी कृमी मरतो, अंगात चरबी तशीच ठेवून. सोबत फोटो होता. काळे ठिपके.

मला काय झालं माहितीय? संताप. उभ्या उभ्या संताप. सरांचा! बघा, बघा, ती मुलगी बरोबर होती, त्या माणसाने तिचं आयुष्य वाया घालवलं! तिथल्या तिथे झेरॉक्स काढला मी. इतका शुद्ध, इतका जोरदार राग, की त्यात मी कुठे दिसतच नव्हते. राग किती सोयीचा असतो हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे मी त्याच रागावर भाषणं केली.

रविवारी तो झेरॉक्स घेऊन तारोडीला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घर विचारत विचारत पोचले. समुद्राचा वारा, अंगणात जाळं पसरलेलं, ओट्यावर तिची आई बसलेली. नाव सांगताच तिने मला ओळखलं. “ये गो पोरी, वर ये. उन्हाची आलीस, पानी घे आधी.” जसिंता आतून आली. अंगाने भरली होती, केस मागे घट्ट बांधलेले. गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत होती. मला बघून इतकी खूश झाली की मी बोलायचं विसरले.

मग मी तिच्यापुढे कागद ठेवला. ती वाचायला लागली. सवय सुटली होती, हळूहळू वाचत होती, बोट ओळीखाली धरून. फोटोपाशी थांबली. मी एकीकडे बोलतच होते — सरांनी कसं केलं, कसा अन्याय, त्यांना पत्र लिहून जाब विचारायला हवा, तुझं नाव असायला हवं होतं इथे. ती बराच वेळ फोटोकडेच बघत राहिली.

मग म्हणाली, “सर बोलले त्याचं मला कधीच काय न्हाय वाटलं. ते बोलायचेच. त्यांच्यापायी मी काम सोडलं न्हाय.”

“मग का सोडलंस?”

“तुझे जगले ना.” एवढं साधं बोलली ती. “मी म्हटलं, वृंदा खोटं न्हाय बोलणार. म्हणजे माझ्याच हातात काहीतरी हाय. मला दिसत न्हाय, पन हाय. मग परत मायक्रोस्कोपपाशी बसायची हिंमतच झाली न्हाय. जे बघीन ते खरं कशावरून?”

तिची आई चहा ठेवायला आत गेली होती. आम्ही दोघीच होतो. जसिंताने मान वर केली. तिच्या डोळ्यांत आरोप नव्हता, तुम्हाला शपथेवर सांगते. असलीच तर थोडीशी आशा होती, आणि ती लपवायचा प्रयत्न.

“वृंदा, तुझे खरंच जगले होते ना?”

काय अडचण होती मला? सांगा ना. सर नव्हते. कंपनी नव्हती. नोकरी जाणार नव्हती. कुणी ऐकत नव्हतं. तिला नोकरी नको होती, नाव नको होतं, माझ्याकडून माफीही नको होती. आपण जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं का, एवढंच तिला कळायला हवं होतं. ते फक्त मी सांगू शकत होते. जगात दुसरं कुणीही नाही.

मी म्हणाले, “हो. जगले होते.”

आणि वर जोडलं — “पण तुझेही खरे असतील गं, काहीतरी वेगळं झालं असेल.” तोच समजूतदार आवाज.

तिने कागदाची नीट घडी घातली आणि मला परत दिला. “ह्यांचं बरोबर आलं ते बरं झालं,” म्हणाली. “माझं आपलं योगायोगाने जुळलं असेल.” आणि हसली. मला वाईट वाटू नये म्हणून हसली — मला!

तिने विश्वास ठेवला की नाही, या प्रश्नाशी माझं खूप खेळून झालंय. तिला सगळं कळलं असेल, तिने मला एक संधी दिली असेल, असं मानायला मला आवडतं, कारण मग निदान तिच्याकडे स्वतःचं खरेपण तरी उरलं. पण मला नाही तसं वाटत. मला वाटतं तिने विश्वास ठेवला. दुसऱ्यांदाही.

म्हणजे माझ्या भाषणांत जो राक्षस आहे, त्याने ते केलंच नव्हतं. तो उद्धट होता, जातीवरून बोलणारा होता, त्याच्या वाट्याचं पाप त्याचं त्याच्याकडे. पण त्याच्या बोलण्याने जसिंता मोडली नाही. तो मेला, त्याला उत्तर देता येत नाही, आणि मी वर्षानुवर्षं माझं केलेलं त्याच्या नावावर खपवत आलेय. त्या एन्झाइमवर पुढे आपल्याकडे औषध झालं असतं का? काशीगावच्या एखाद्या पोराचं पोट बरं झालं असतं का? माहीत नाही. झालं असतं असं म्हणणार नाही; माझा गुन्हा मोठा करून सांगण्यातही एक प्रकारची मिरवणूक असते. एका बाईने स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडलं, एवढं नक्की झालं. ते मी केलं.

जसिंता अजून तारोडीतच असते. मला तिचं घर माहीत आहे. बस जाते तिकडे. तिच्याआधी मी हे तुम्हाला सांगतेय, यातही मला माझा तोच स्वभाव दिसतो.

त्या रविवारी निघताना तिच्या आईने ओट्यावरच्या टोपलीतून सुके बोंबील काढले, वर्तमानपत्रात बांधून माझ्या पिशवीत घातले. मी नको नको म्हटलं, तर म्हणाली, “घे गो. तू आमच्या जसूची एवढी काळजी करतंस, इतक्या लांब आलीस.” जसिंता मला बसपर्यंत पोचवायला आली. बस सुटेपर्यंत उभी होती.

घरी आल्यावर मी ते बोंबील भाजले आणि गरम भाताबरोबर खाल्ले. भूक लागली होती. चांगले लागले.